रजेची तरतूद, कामाची तजवीज

मनुष्याच्या आयुष्यात असे काही प्रसंग येतात की, त्या वेळी त्याची खरी जागा कचेरीतील मेजापाशी किंवा कारखान्यातील यंत्रापाशी नसून घरात असते. आणि अपत्याचा जन्म हा त्यांतील सर्वांत मोठा प्रसंग होय. जोवर शेती आणि घरगुती उद्योग हीच बहुतेकांच्या उपजीविकेची साधने होती, तोवर बाळंतिणीला विश्रांती मिळवून देणे ही सासर-माहेरची जबाबदारी मानली जात असे. परंतु कामाचे ठिकाण घरापासून तुटले, मजुरी दिवसाच्या हजेरीवर मोजली जाऊ लागली आणि हजेरीपटावर खूण नसेल त्या दिवशी चूल पेटण्याची शाश्वती उरली नाही, तेव्हा बाळंतिणीच्या विश्रांतीचा प्रश्न घराचा उंबरठा ओलांडून मालकाच्या दफ्तरात आणि विधिमंडळाच्या सभागृहात येऊन उभा राहिला. भारतात आज त्याचे उत्तर कायद्याने दिले आहे, आणि ते म्हणजे 26 आठवड्यांची सवेतन प्रसूतिरजा. ही रजा असावी की नसावी, याची चर्चा आता मागे पडली आहे. उरला आहे तो मालकाच्या पूर्वतयारीचा प्रश्न, आणि कायद्याचे यशापयश बव्हंशी त्याच प्रश्नावर अवलंबून आहे, असे माझे मत आहे.

या बाबतीतला हिंदुस्थानातील पहिला प्रांतिक कायदा मुंबई इलाख्यात झाला, ही आपल्याला भूषणावह वाटावी अशी गोष्ट आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हजारो स्त्रिया, विशेषतः रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत, कामाला होत्या. दिवस भरत येईपर्यंत काम करावयाचे, बाळंतपण आटोपताच शक्य तितक्या लवकर पुन्हा रुजू व्हावयाचे, आणि तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी द्यावयाची, असा त्यांतील अनेकींचा क्रम होता. 1919 साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेने प्रसूतिसंरक्षणाचा करार संमत केला. त्याचा प्रतिध्वनी येथे उमटून कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात एक विधेयक मांडले. परंतु ते मंजूर होऊ शकले नाही. पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात हा विषय आला, आणि तेथे जुलै 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या समर्थनार्थ भाषण केले. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा होता की, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे हा भार मुख्यतः सरकारने उचलणे उचित आहे; तथापि विशिष्ट उद्योगांत मालक स्त्रियांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा लाभ आहे म्हणूनच, आणि लाभ घेणाऱ्याने भाराचा काही अंश सोसणे हेही तितकेच न्याय्य आहे. 1929 साली मुंबईचा कायदा झाला, पुढच्याच वर्षी मध्यप्रांताने, म्हणजे तेव्हा वऱ्हाड-नागपूर ज्याच्या कारभाराखाली होते त्या प्रांताने, त्याचे अनुकरण केले, आणि स्वातंत्र्यानंतर 1961 मध्ये सर्व देशासाठी प्रसूतिलाभ अधिनियम आला.

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक कायदेकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 1929 च्या कायद्यानंतरच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण सतत घटत गेले. नवी यंत्रे, कामाची पुनर्रचना, रात्रपाळीत स्त्रियांना असलेली बंदी अशी त्याची अनेक कारणे होती. परंतु बाळंतपणाचा खर्च थेट मालकाच्या तिजोरीतून जातो, तेव्हा स्त्रीला कामावर ठेवण्याकडेच त्याचा कल कमी होतो, हेही त्यांतील एक कारण अभ्यासकांनी नोंदविलेले आहे. कायद्याने स्त्रीला दिलेला आधार मालकाच्या अदूरदृष्टीमुळे तिच्याच उपजीविकेवर उलटू शकतो, हा तो धडा आहे. त्यापासून वाचण्याचा मार्ग आधार काढून घेण्यात नसून, तो पेलण्याची रीतसर तजवीज करण्यात आहे.

तजवीज करावयाची तर प्रथम कायदा काय मागतो हे नीट जाणून घेतले पाहिजे. 1961 च्या मूळ अधिनियमात रजेची मुदत 12 आठवड्यांची होती. 1 एप्रिल 2017 पासून ती पहिल्या दोन हयात अपत्यांपर्यंत 26 आठवडे झाली, त्यांपैकी प्रसूतीपूर्वी अधिकात अधिक 8 आठवडे घेता येतात. त्यापुढील अपत्यासाठी 12 आठवड्यांची मुदत कायम आहे, आणि तान्हे मूल दत्तक घेणाऱ्या मातेलाही 12 आठवड्यांचा हक्क त्या वेळी प्रथमच मिळाला. गर्भपात झाल्यास 6 आठवड्यांची रजा आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम केलेले असणे एवढीच पात्रतेची अट आहे. प्रसूतीनंतरच्या 6 आठवड्यांत स्त्रीला कामावर घेणे हाच मुळी गुन्हा आहे, आणि रजेच्या काळात तिला कामावरून काढणे किंवा तिच्या नोकरीच्या शर्ती तिला अहितकारक होतील अशा रीतीने बदलणे यांस मनाई आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा अधिनियम आणि इतर आठ कायदे मिळून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली आहे. प्रसूतिलाभाची मुख्य चौकट तिने कायम ठेवली असली, तरी वेतनाची व्याख्या बदलल्यामुळे जुन्या हिशेबावर विसंबून राहणे आता धोक्याचे झाले आहे. वेतनातून वगळावयाचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर अधिक झालेली रक्कम वेतनातच धरावी लागते. म्हणून मूळ पगार अल्प आणि भत्ते विपुल अशी रचना ज्यांनी केली असेल, त्यांनी आपली वेतनपत्रके आजच पुन्हा तपासून घ्यावीत.

आता तयारीच्या पहिल्या अंगाकडे, म्हणजे पैशाकडे, वळू. प्रसूतिरजेचा खर्च हे आकस्मिक संकट आहे, ही समजूत लहान मालकांत फार रूढ आहे, आणि तीच त्यांच्या बहुतेक चुकांचे मूळ आहे. समजा, एका कारखान्यात 40 माणसे कामाला आहेत आणि प्रत्येकाचे सरासरी वेतन दरमहा 30,000 रुपये आहे. वर्षाचा वेतनखर्च 1 कोटी 44 लाख रुपये होतो. वर्षाकाठी एक स्त्री 26 आठवड्यांच्या रजेवर जाते असे धरले, तर रजेचे वेतन सुमारे 1 लाख 80 हजार रुपये, म्हणजे एकूण वेतनखर्चाच्या सव्वा टक्का भरते. तिच्या जागी जो बदली इसम नेमला जाईल त्याला दिलेला पगार हा केलेल्या कामाचा मोबदला असल्यामुळे तो या भारात मिळविण्याचे कारण नाही. हीच रक्कम दरमहा 15,000 रुपयांप्रमाणे स्वतंत्र खात्यात बाजूस काढीत गेल्यास, यंत्राच्या घसाऱ्याची तरतूद जशी बिनबोभाट होते तशीच हीही होते, आणि ज्या महिन्यात प्रत्यक्ष पैसे मोजावयाचे त्या महिन्यात हात आखडत नाही. हात न आखडण्याला येथे विशेष महत्त्व आहे. 1961 च्या अधिनियमापासून चालत आलेला दंडक असा आहे की, प्रसूतीपूर्व काळाचे वेतन गर्भारपणाचा दाखला मिळताच आगाऊ द्यावयाचे आणि उरलेले वेतन प्रसूतीचा दाखला मिळाल्यापासून 48 तासांच्या आत चुकते करावयाचे. शिवाय वेतनाच्या हिशेबात रविवार धरावयाचा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच मिटविला असून, रविवारही धरावयाचा, असा त्याचा निर्णय आहे.

पुष्कळ मालकांच्या बाबतीत तर हा खर्च मुळी त्यांच्यावर पडतच नाही, आणि याची त्यांना पुरेशी जाणीव नसते. 1943 मध्ये सरकारने प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले. त्यांचा अहवाल 1944 मध्ये आला, त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम घडला, आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. या योजनेखाली येणाऱ्या स्त्रीला प्रसूतिकाळातील पूर्ण सरासरी वेतन कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. मालकाने आपली वर्गणी वेळेवर भरली की त्याची जबाबदारी संपते. 2019 पासून ही वर्गणी मालकाकडून वेतनाच्या 3.25 टक्के आणि कर्मचाऱ्याकडून 0.75 टक्के आहे, आणि 2017 साली ठरलेली वेतनमर्यादा दरमहा 21,000 रुपयांची आहे. वर्गणी चुकविण्यासाठी जो मालक कर्मचाऱ्यांची नावे दफ्तरी लावीत नाही, तो कायदा तर मोडतोच, पण प्रसूतीच्या वेळी जो भार विमा महामंडळाने सहज वाहिला असता तो स्वतःच्या माथी ओढवून घेतो. म्हणून आपल्याकडील कोणत्या स्त्रिया विम्याच्या कक्षेत येतात आणि कोणत्या येत नाहीत, याची यादी करणे हे तयारीचे पहिले पाऊल समजावे.

पैशाची तरतूद त्या मानाने सोपी. खरी कसोटी लागते ती कामाच्या तजविजीत. बारा माणसांच्या पेढीत हिशेब पाहणारी एकच बाई असेल आणि ती सहा महिने रजेवर जाणार असेल, तर मालकाला चिंता वाटणे स्वाभाविक आहे, आणि ती चिंता खोटी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. परंतु प्रसूतीचा प्रसंग अपघातासारखा एका क्षणात कोसळत नाही. तो बहुधा काही महिने आधी कळतो, आणि जेथे कळत नाही तेथे, सांगितल्याबरोबर आपली जागा धोक्यात येईल या धास्तीने स्त्रीने तो लपविलेला असतो. यावरून दिसून येईल की, मालकाला लवकर सूचना हवी असेल तर त्याने प्रथम निर्भयता दिली पाहिजे. सूचना मिळाल्यावर पुढील क्रम कठीण नाही: त्या व्यक्तीकडे असलेली कामे लिहून काढावीत, कोणती रोजची, कोणती महिन्याची, कोणती वर्षातून एकदाच येणारी, ते ठरवावे, त्यांतील कोणती सहकाऱ्यांत वाटता येतात आणि कोणत्यांसाठी मुदतबंद बदली माणूस नेमावा लागेल, याचा निवाडा करावा, आणि त्या बदली माणसाला रजा सुरू होण्यापूर्वी काही आठवडे तिच्या शेजारी बसवून काम समजावून द्यावे. सहकाऱ्यांवर काम वाटावयाचे झाल्यास त्यांना त्याचा मोबदला द्यावा. कारण एकीच्या रजेचा बोजा दुसरीच्या फुकटच्या श्रमांवर टाकला, तर कार्यालयात रजा घेणारीविषयीच कटुता उत्पन्न होते, आणि त्या कटुतेचा दोष मालकाकडे जातो. ज्या पेढीत कोणत्याही एका माणसाच्या गैरहजेरीने काम अडून राहते, त्या पेढीचा बंदोबस्तच कच्चा आहे. आजारपण, अपघात किंवा राजीनामा यांनीही ती तशीच अडेल. प्रसूतिरजेच्या निमित्ताने केलेली कामाची नोंद अशा सर्व प्रसंगी उपयोगी पडते.

तयारीचे तिसरे अंग म्हणजे लेखी नियम आणि चोख दफ्तर. प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच तिच्या प्रसूतिविषयक हक्कांची लेखी माहिती द्यावी, असे कायदा सांगतो; परंतु ते केवळ कायद्याचे फर्मान म्हणून न करता, रजेचा अर्ज कोणाकडे, किती आधी आणि कोणत्या दाखल्यासह द्यावयाचा, वेतन कोणत्या तारखेला मिळेल, वेतनवाढ व बढती यांवर रजेचा प्रतिकूल परिणाम होणार नाही, आणि बोनसच्या हिशेबात सवेतन प्रसूतिरजेचे दिवस कामाचे दिवस म्हणून धरले जातील, हे सारे सोप्या मराठीत लिहून सर्वांच्या हाती द्यावे. रोजंदारीवर किंवा मुदतबंद करारावर असलेल्या स्त्रियांना हा हक्क नाही, अशी एक समजूत अद्याप आढळते. ती साफ चुकीची आहे. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरील स्त्री-कामगारांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली रोजंदारीवरील स्त्रियांचा हक्क मान्य केला, आणि 2023 मध्ये, कराराची मुदत रजेच्या काळात संपली तरी लाभ बुडत नाही, असे स्पष्ट केले.

रजा देऊन मालकाचे कर्तव्य संपत नाही. स्त्री परत येऊन कामात स्थिरावली, तरच त्या रजेचे चीज झाले. अनुभवी, कामात मुरलेली स्त्री बाळंतपणानंतर नोकरी सोडते, तेव्हा तिच्या शिक्षणावर आणि सरावावर झालेला खर्च व्यर्थ जातो, आणि नव्या माणसाला तयार करण्यास पुन्हा महिने लागतात. हे टाळण्यासाठी कायद्याने मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन वेळा सुटीची सोय केली आहे, आणि जेथे 50 किंवा अधिक कर्मचारी आहेत तेथे पाळणाघराची सक्ती करून आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली आहे. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याचे परस्परसंमतीने ठरविता येते. लहान कारखानदाराला एकट्याने पाळणाघर चालविणे जड जात असेल, तर एकाच औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखान्यांनी मिळून ते चालवावे. चाकण, अंबड, बुटीबोरी यांसारख्या वसाहतींत, जेथे भिंतीला भिंत लागून कारखाने उभे आहेत, तेथील मालकांच्या संघांना हे काम अशक्य नाही.

येथे एका गैरवाजवी तयारीचाही स्पष्ट निषेध केला पाहिजे. लग्नाच्या वयाच्या स्त्रियांना नेमावयाचेच नाही, मुलाखतीत मूलबाळ कधी होणार याची चौकशी करावयाची, किंवा दिवस गेल्याचे कळताच कामात काहीतरी कसूर शोधून काढावयाची, हाही काही मालकांच्या मते दूरदर्शीपणा असतो. आपल्या न्यायालयांनी तो कधीच मानलेला नाही. पहिल्या गर्भारपणीच हवाई सुंदरीची नोकरी संपुष्टात आणणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रद्द ठरविला, आणि 1991 मध्ये एका सार्वजनिक विमा महामंडळाच्या भरतीच्या प्रपत्रातील मासिक पाळी व गर्भारपण यांविषयीचे प्रश्न अशोभनीय ठरवून ते काढून टाकण्यास सांगितले. कायद्याचा धाक बाजूस ठेवला, तरी निम्म्या समाजाच्या बुद्धीला आणि हस्तकौशल्याला दार बंद करणारा उद्योग स्वतःचेच नुकसान करून घेतो.

या संदर्भात पित्याचाही विचार होणे अगत्याचे आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्वरजा मिळते. खासगी उद्योगांवर अशी सक्ती नाही. परंतु जोवर मूल वाढविणे हे केवळ आईचे काम मानले जाईल, तोवर तिला नेमण्यात जोखीम आहे ही भावना मालकाच्या मनातून जाणार नाही. स्वीडनने 1974 सालीच प्रसूतिविमा माता-पिता उभयतांसाठी खुला केला, तो याच विचाराने. आपल्याकडील मालकाने पित्याला दोन आठवड्यांची रजा स्वखुशीने दिली, तर त्याचा खर्च अल्प आणि परिणाम दूरवर पोहोचणारा आहे.

मालकाकडून एवढी अपेक्षा करावयाची, तर सरकारच्या वाट्याचाही विचार केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या 2000 सालच्या करारात असे तत्त्व आहे की, प्रसूतिकाळातील वेतन सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधी यांतून यावे, आणि मालक व्यक्तिशः त्याला जबाबदार नसावा. भारताने तो करार अद्याप स्वीकारलेला नाही. ब्रिटनमध्ये मालकाने दिलेल्या वैधानिक प्रसूतिवेतनाचा 92 टक्के भाग सरकार परत करते, आणि लहान मालकाला तर दिलेल्या रकमेहून किंचित अधिक परतावा मिळतो. अमेरिकेत 1993 च्या मध्यवर्ती कायद्याने केवळ बिनपगारी रजा दिली; परंतु कॅलिफोर्नियाने 2004 पासून, न्यू जर्सीने 2009 पासून, न्यू यॉर्कने 2018 पासून आणि मिनेसोटाने 1 जानेवारी 2026 पासून विम्याच्या पद्धतीने सवेतन कुटुंबरजा सुरू केली आहे, आणि तेथे नोकरीधंद्यानिमित्त राहणारी अनेक मराठी कुटुंबे तिचा लाभ घेऊ शकतात. कॅलिफोर्नियातील योजना सुरू झाल्यानंतर काही वर्षांनी तेथील मालकांची पाहणी करण्यात आली, तेव्हा बहुसंख्य मालकांनी आपल्या धंद्यावर तिचा परिणाम अनुकूल झाला किंवा जाणवण्याजोगा झालाच नाही, असे सांगितले. आपल्याकडे राज्य विम्याच्या वेतनमर्यादेवरील स्त्रियांचा संपूर्ण खर्च अद्याप एकट्या मालकावर आहे, आणि लहान उद्योगांपुरता तरी तो वाटून घेण्याची सोय सरकारने केली पाहिजे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये सांगितलेले तत्त्व या अंशाने अजून पुरे व्हावयाचे आहे.

तथापि सरकारने आपला वाटा उचलेपर्यंत मालकाने स्वस्थ बसावे, असा याचा अर्थ नाही. आपल्या पेढीत किती स्त्रिया आहेत, त्यांतील किती विम्याखाली येतात, रजेसाठी दरमहा किती रक्कम बाजूस काढावी लागेल, कोणाचे काम कोणाला येते आणि कोणते काम एकाच माणसाला येते, या प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरविण्यास एखादी दुपार पुरेल. या लेखाच्या वाचकांत जे कोणी दहा, वीस, पन्नास माणसांच्या पोटापाण्याचे धनी असतील, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, पहिला अर्ज येण्याची वाट न पाहता त्यांनी हे काम याच महिन्यात करावे आणि आपले लेखी नियम सर्व कर्मचाऱ्यांना वाचून दाखवावेत.